पेरिटोनियमवरची उघडी जागा जिवंत पेशींच्या पापुद्र्याने झाकणे: कृती, प्रमाणं आणि कुठे बिघडतं

कुशावती (धागा)

नमस्कार मंडळी. शस्त्रक्रियेत पोटाच्या आतल्या अस्तराचा, म्हणजे पेरिटोनियमचा, तुकडा काढावा लागला किंवा तो खरवडला गेला की तिथे उघडी जागा राहते. पेशंटच्याच पेशी वाढवून केलेला पापुद्रा त्या जागेवर बसवायचा, हा धाग्याचा विषय. आपल्या गोव्याच्या मंडळींत सर्जन आहेत, सेल कल्चरवाले आहेत, पशुवैद्यही आहेत. ज्याने त्याने आपल्या टेबलावरचं नेमकं लिहावं, म्हणजे नव्याने काम सुरू करणाऱ्या मुलांना एका ठिकाणी सापडेल.

पाया मी घालते. मोठ्या माणसात पेरिटोनियमचं क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर, साधारण त्याच्या कातडीएवढं. सगळ्यात वर मेसोथेलियल पेशींचा थर, जाडी फक्त एका पेशीची. त्याखाली बेसमेंट मेंब्रेन, मग कोलॅजन, बारीक रक्तवाहिन्या, चरबी. वरचा थर हायलुरोनन आणि फॉस्फोलिपिड स्रवून आतडी एकमेकांवरून घसरती ठेवतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं दुसरं काम मात्र विसरलं जातं. या पेशी टी-पीए नावाचं एन्झाइम सोडतात, त्याने प्लास्मिन तयार होतं आणि साचलेलं फायब्रिन (रक्त गोठताना होणारं चिकट जाळं) विरघळतं.

इजा झाली की काही तासांतच तिथे फायब्रिन साचतं. त्याच वेळी टी-पीए कमी होतं आणि त्याला अडवणारं पीएआय-1 वाढतं. फायब्रिन पाच-सात दिवसांत विरघळलं तर खाली नवा थर सपाट बसतो. नाही विरघळलं तर त्यात फायब्रोब्लास्ट (कोलॅजन विणणाऱ्या पेशी) शिरतात, रक्तवाहिन्या येतात आणि कायमची चिकटण तयार होते, म्हणजे आतडी भिंतीला किंवा एकमेकांना जखडली जातात. 1999 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या स्कॉटलंडच्या मोठ्या अभ्यासात पोटाची किंवा ओटीपोटाची उघडी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक पुढच्या दहा वर्षांत चिकटणीशी थेट किंवा कदाचित निगडित तक्रारींसाठी, किंवा चिकटणीमुळे अवघड होऊ शकेल अशा शस्त्रक्रियेसाठी पुन्हा दाखल झाले होते, सरासरी दोनदा.

म्हणून माझ्या मते आपण इथे पहिल्या आठवड्यात फायब्रिन विरघळवणारा जिवंत थर बसवतो आहोत. भोक बुजवणं त्यामानाने सोपं आहे. पापुद्रा दिसायला कितीही सुंदर असो, सातव्या दिवशी त्याच्या पेशी जिवंत आणि मेसोथेलियलच नसतील तर उपयोग शून्य.

शल्यक

कुशावतीताई, धागा चांगला काढलात. पण सर्जनच्या बाजूने एक प्रश्न आधी मिटवूया. पेरिटोनियमची जखम आठेक दिवसांत आपली आपण भरते. हॅरॉल्ड एलिस यांनी फार पूर्वीच दाखवलं की लहान जखम आणि मोठी जखम जवळपास सारख्याच वेळात भरते, कारण ती कातडीसारखी फक्त काठाकडून भरत येत नाही, पूर्ण पृष्ठभागावर एकदम नवा थर धरतो. त्यांनीच हेही दाखवलं की पेरिटोनियम ओढून शिवलं की टाक्यांत अडकलेली ऊती रक्ताला पारखी होते, आणि रक्त न पोचणारी ऊती चिकटण ओढून घेते. मग तीन आठवडे खर्चून पेशी का लावायच्या?

बहुतेक पेशंटना लावायच्या नाहीतच. हायलुरोनन आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजची फिल्म (सेप्राफिल्म) घ्या. 1996 च्या चाचणीत मोठं आतडं काढून पाऊच केलेल्या पेशंटमध्ये फिल्म लावलेल्यांपैकी 51 टक्के चिकटणीविना सापडले, न लावलेल्यांपैकी 6 टक्के. पण 2006 च्या मोठ्या चाचणीत आतडं अडण्याचं एकूण प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल इतकी चिकटण तेवढी 3.4 वरून 1.8 टक्क्यांवर आली. म्हणजे फिल्म उपयोगी आहे, पण सगळा प्रश्न तिने सुटत नाही. ताज्या जोडाभोवती ती गुंडाळायची नसते, जोड गळण्याचं प्रमाण वाढतं. सेल्युलोजची जाळी (इंटरसीड) रक्त असेल तिथे काम करत नाही.

पेशींचा पापुद्रा मला तीन ठिकाणी पटतो. समोरासमोर दोन उघड्या जागा आहेत, भिंतीवर एक आणि आतड्यावर एक. दुसरं, पेशंटचा स्वतःचा मेसोथेलियमच थकलेला आहे: वर्षानुवर्षं पोटाचं डायलिसिस, रेडिएशन, वारंवार पेरिटोनायटिस. तिसरं, भिंतीला जाळी बसवावीच लागते आणि ती झाकायला पेरिटोनियम उरलेलं नाही.

पू असेल, आतडं फुटलं असेल, इमर्जन्सी असेल तिथे विषय बंद. कर्करोग पेरिटोनियमवर पसरलेला असेल तर त्याच पोटातलं ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) पेशींसाठी घ्यायचं नाही, ट्यूमरच्या पेशी सोबत वाढण्याचा धोका आहे. गरम केमो दिली जाणार असेल तरीही त्याच बैठकीत पापुद्रा लावून उपयोग नाही. 41-43 अंशांचं औषधी पाणी तो मारणारच.

आणखी एक. पेरिटोनियम भार उचलत नाही, भार फॅशिया (पोटाच्या भिंतीतला मजबूत पडदा) उचलतो. हर्नियाच्या भोकावर नुसता पेशींचा पापुद्रा लावू म्हणणाऱ्याने अस्तर आणि भिंत यांची गल्लत केलेली असते. फॅशिया गेला असेल तर जाळी हवीच, पापुद्रा तिच्या आतड्याकडच्या बाजूला.

रायबंदर

डॉक्टरांशी सहमत. आता पेशींचं सांगतो, लांबेल.

पेशी मिळायच्या जागा तीन. ओमेंटम सगळ्यात भरघोस, पण त्यासाठी पोटात शिरावं लागतं आणि तेही चिकटणीचं निमित्त होऊ शकतं. पुरुषांत अंडकोषाभोवतीचं ट्युनिका व्हजायनालिस हा पेरिटोनियमचाच विस्तार, पोट न उघडता स्थानिक भूल देऊन काढता येतो. जपानी गटाने 2006 साली कुत्र्यांमध्ये याच पेशींचा पापुद्रा करून चिकटण रोखून दाखवली. तिसरी जागा डायलिसिसचं बाहेर पडणारं पाणी. मिळतं फुकट, पण त्यातल्या बऱ्याच पेशी आधीच फायब्रोब्लास्टकडे झुकलेल्या असतात. शिकायला ठीक, बसवायला नको.

ओमेंटमची रीत अशी. साधारण 3 ते 5 सेंटिमीटरचा तुकडा काढल्या काढल्या थंड बफरमध्ये, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घालून. रक्त पूर्ण जाईपर्यंत धुवायचा. धुताना चिमट्याने कडेलाच धरायचं, मध्ये धरलं की तिथला थर निघून जातो. मग 0.05 टक्के ट्रिप्सिन आणि 0.02 टक्के ईडीटीए, 37 अंशांवर, हळू हलवत, 15 ते 20 मिनिटं. इथेच निम्म्या लोकांचं बिघडतं. पेशी कमी दिसतात म्हणून वेळ वाढवतात, आणि अर्ध्या तासाच्या पुढे खालचे फायब्रोब्लास्ट सुटायला लागतात. पेशी कमी निघाल्या तर तुकडा मोठा घ्या, वेळ वाढवू नका. सीरमचं मीडियम घालून ट्रिप्सिन थांबवायचं, तुकडा काढून टाकायचा, 250-300 जी वर (गुरुत्वाच्या इतक्या पट) 5 ते 10 मिनिटं फिरवायचं. आरपीएम लिहून ठेवू नका, रोटर बदलला की जी बदलतो. वर तरंगणारी चरबी आधी ओढून घ्यायची, ती राहिली तर पेशी तळाला धरत नाहीत. तांबड्या पेशी जास्त असतील तर लायसिस बफर.

मीडियम एम-199. त्यात 10 टक्के सीरम, ग्लुटामिन 2 मिलिमोलर, इन्सुलिन 5 आणि ट्रान्सफेरिन 5 मायक्रोग्रॅम प्रति मिली, हायड्रोकॉर्टिसोन 0.4 मायक्रोग्रॅम प्रति मिली. दुसऱ्या दिवशी धुऊन मीडियम बदलायचं, पुढे दर दोन-तीन दिवसांनी. आठवडा-दहा दिवसांत फरसबंदीसारखा बहुकोनी पेशींचा थर दिसायला हवा. पसरताना 1:3 पेक्षा जास्त पातळ करू नका, आणि दुसऱ्या पासेजच्या (नव्या प्लेटवर पेशी वाटण्याच्या फेरीच्या) पुढे शक्यतो जाऊ नका. नंतर पेशी फुगतात, म्हाताऱ्या होतात, किंवा लांबोळक्या होऊन मायोफायब्रोब्लास्टच्या (आकसून व्रण करणाऱ्या पेशींच्या) वाटेला लागतात.

प्लेटभर अशा लांबोळक्या पेशींचा थर अगदी घट्ट, भरलेला दिसतो आणि नवशिका खूश होतो. अशी प्लेट टाकून द्यायची. ती पोटात ठेवली तर आपणच चिकटण पेरली असं होईल.

ओळख पटवायला सायटोकेराटिन 18 आणि कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर (रक्तवाहिनीच्या पेशींची खूण) निगेटिव्ह, अल्फा स्मूथ मसल अ‍ॅक्टिन निगेटिव्ह. व्हायमेंटिन मेसोथेलियममध्येही असतं, फायब्रोब्लास्टमध्येही, त्यामुळे नुसत्या व्हायमेंटिनवर काहीच ठरत नाही.

आता हिशेब. 5 × 7 सेंमी जागा म्हणजे 35 चौरस सेंमी. घट्ट भरलेल्या थरात चौरस सेंटिमीटरला लाखाच्या आसपास पेशी, म्हणजे 35 लाख. पण नुसता पापुद्रा प्लेटवरून सुटला की आकसतो, निम्म्यावरही येतो. म्हणून दुप्पट धरा, 70 लाख. वर तपासणीसाठी एक जादा प्लेट.

म्हादई

> पापुद्रा प्लेटवरून सुटला की आकसतो

रायबंदर भाऊ, आकसू नये म्हणून काय करता? आणि ट्रिप्सिनने सोडवला तर थर फाटतो, त्याचं?

रायबंदर

पापुद्रा सोडवायला ट्रिप्सिन अजिबात नको. ते पेशींमधले जोडही तोडतं आणि खालचं मॅट्रिक्सही खातं, जे आपल्याला चिकटवायला हवं असतं. टोकियोच्या तेरुओ ओकानो यांच्या गटाने काढलेली प्लेट वापरायची. तिच्यावर एन-आयसोप्रोपिल अ‍ॅक्रिलअमाइडच्या पॉलिमरचा अतिसूक्ष्म थर असतो. 32 अंशांच्या वर तो पाणी टाकतो आणि पेशी धरतो, खाली आला की पाणी पिऊन फुगतो आणि पेशी सोडतो. प्लेट 20 अंशांवर अर्धा तास ठेवली की काठापासून पापुद्रा सुटायला लागतो. सुटण्याआधीच वरून आधाराची मेंब्रेन ठेवायची, पीव्हीडीएफची कडी चालते. मीडियम जवळजवळ सगळं काढून मेंब्रेन अलगद टेकवायची, पापुद्रा तिला धरून वर येतो आणि आकसत नाही.

इथली एक अडचण. थिएटरचा एसी 20-22 वर असतो. प्लेट ट्रॉलीवर उघडी ठेवून सर्जन रक्तस्राव थांबवत बसले, की पापुद्रा आपोआप सुटून एका कोपऱ्यात गोळा होतो, आणि तो परत उलगडत नाही. म्हणून प्लेट 37 अंशांच्या ब्लॉकवरच राहिली पाहिजे. जागा कोरडी झाली असं सर्जनने सांगितल्यावरच खाली उतरवायची.

म्हादई

समजलं. मग मी खालच्या आधाराचं लिहितो. एका पेशीचा थर हातात धरता येत नाही, टाका तर दूरच, त्यामुळे बसवण्यासाठी काहीतरी पाट लागतोच.

सगळ्यात सरळ फायब्रिन जेल. फायब्रिनोजेन 10 मिलिग्रॅम प्रति मिलीच्या आसपास, थ्रॉम्बिन थोडं. थ्रॉम्बिन जास्त झालं तर जेल क्षणात गोठतं आणि गाठाळ होतं. पेशींनी सोडलेलं टी-पीए हेच जेल खाऊन टाकतं, म्हणजे आपल्याला हवा तो गुणच कल्चरमध्ये आडवा येतो. म्हणून मीडियममध्ये अ‍ॅप्रोटिनिन घालावं लागतं, आणि बसवायच्या आधी ते धुऊन काढावं लागतं. नाहीतर पोटातही फायब्रिन विरघळणार नाही आणि आपण स्वतःहून चिकटणीला मदत करू. जेल जाड करण्याचा मोह टाळा, जाड फायब्रिन म्हणजे चिकटणीचा पाया.

दुसरा पर्याय कोलॅजन. उंदराच्या शेपटीचं आम्लातलं टाइप 1 कोलॅजन बर्फावर 10 पट बफर आणि सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 7.2-7.4 वर आणायचं, शेवटचं प्रमाण 2-3 मिलिग्रॅम प्रति मिली, 37 अंशांवर अर्धा-पाऊण तास. हे जेल थलथलीत असतं, उचलता येत नाही. नायलॉनची जाळी, खाली टिपकागद, वर सपाट वजन ठेवून पाच मिनिटं दाबलं की पाणी निघून पन्नास-शंभर मायक्रॉनचा उचलता येणारा कागद तयार होतो. पेशी त्यावर नंतर पेरायच्या. पीएच पट्टीने बघू नका, मीटर वापरा. 6.8 वर जेल अर्धवट होतं आणि दुसऱ्या दिवशी पेशींखाली फाटतं.

तिसरा पर्याय पेशी काढून टाकलेली ऊती: डुकराच्या लहान आतड्याचा सबम्युकोसा, बैल-म्हशीचं पेरिकार्डियम (हृदयाभोवतीचं आवरण), किंवा सिझेरियनला मिळणारं गर्भावरण. पेशी निघाल्या का, याची मापं 2011 पासून रूढ आहेत. कोरड्या वजनाच्या मिलिग्रॅममागे 50 नॅनोग्रॅमपेक्षा कमी डीएनए, तुकडे 200 बेसपेअरपेक्षा लहान, आणि डीएपीआय या केंद्रक दाखवणाऱ्या रंगात एकही केंद्रक दिसता कामा नये. पेशी काढायला एसडीएस (साबणासारखं रसायन) वापरलं तर ते धुऊन काढणं हेच मोठं काम. थोडंसं जरी राहिलं तरी वर पेरलेल्या पेशी दोन दिवसांत गळून पडतात, आणि दोष पेशींना दिला जातो. मेथिलीन ब्लूची चाचणी करून शेवटच्या धुण्याच्या पाण्यात एसडीएस नाही हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्लुटाराल्डिहाइडने पक्कं केलेलं पेरिकार्डियम स्वस्त आणि मजबूत, पण पेशी त्यावर नीट राहत नाहीत आणि ते शरीरात बदलतही नाही.

गर्भावरण घेताना आईची एचआयव्ही, हेपटायटिस बी-सी आणि सिफिलिसची तपासणी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. तोपर्यंत ते साठवून बाजूला ठेवायचं.

आणि डुकराचं की गाईचं, हे पेशंटच्या संमतिपत्रावर स्पष्ट मराठी-कोंकणीत लिहिलेलं असावं. आपल्याकडे सगळ्या धर्मांची माणसं त्याच वॉर्डात असतात. ‘प्राणिज कोलॅजन’ एवढं लिहून भागवू नका.

दोनापावला_किनारा

मध्येच विचारतो. गोव्यात माशांच्या कातडीची काय कमतरता आहे का? इसवण, तामसो, बाजारात कापताना सगळं फेकलं जातं. गाय-डुकराचा प्रश्नच मिटेल. त्याचं कोलॅजन का नको?

म्हादई

चांगला प्रश्न, आणि अगदीच ‘नको’ असं नाही. अडचण तापमानाची. कोलॅजनची तिहेरी वेटोळी हायड्रॉक्सिप्रोलिनवर टिकते, आणि माशाच्या कोलॅजनमध्ये ते कमी असतं. थंड समुद्रातल्या कॉडचं कोलॅजन 15 अंशांच्या आसपास उलगडतं. आपल्या उष्ण पाण्यातल्या माशांचं तिशीच्या घरात, काहींचं 35 च्या जवळ. पोटात 37 अंश. म्हणजे नुसतं माशाचं कोलॅजन लावलं तर ते आत जिलेटिन होऊन वाहून जाईल. ईडीसी-एनएचएस किंवा जेनिपिन या जोडणाऱ्या रसायनांनी बांधून घेतलं तर टिकतं. जेनिपिनने ते निळं पडतं, त्याला घाबरू नका. मात्र बांधणी जास्त झाली की कडक होऊन कडा उचलतात, आणि उचललेल्या कडेला आतडं चिकटतं.

काढताना सगळं काम 4 अंशांवर. 0.5 मोलर अ‍ॅसेटिक आम्ल, पेप्सिन, मग मिठाने खाली बसवायचं. कातडी ताजी हवी, मे महिन्यात दुपारपर्यंत टोपलीत पडलेली नको. जिवाणूंची संख्या वाढली की एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) वाढतं, आणि ते ऑटोक्लेव्हनेही जात नाही.

दोनापावला_किनारा

कळलं. धन्यवाद, म्हादई. जेनिपिनचा मुद्दा माहीत नव्हता.

पशुवैद्य_फोंडा

प्राण्यांवरच्या प्रयोगाबद्दल थोडक्यात, कारण शोधनिबंधांत आणि प्रस्तावांत एकच चूक परत परत दिसते. विस्टर उंदीर घेतात, एकाच्या ओमेंटममधून पेशी काढतात आणि दुसऱ्याला लावतात. विस्टर आणि स्प्रेग-डॉली दोन्ही आउटब्रेड आहेत, प्रत्येक उंदीर जनुकांनी वेगळा. म्हणजे ही परक्याची कलम झाली, ती आठवड्या-दोन आठवड्यांत नाकारली जाते आणि निष्कर्ष निघतो ‘पेशींचा उपयोग नाही’. लुइस किंवा फिशर-344 सारखी इनब्रेड जात घ्या, म्हणजे पेशी आपल्याच धरल्या जातात.

नमुना असा: 200-250 ग्रॅमचा उंदीर, भिंतीवरून 2 × 2 सेंमी पेरिटोनियम बारीक कात्रीने उचलून काढायचं, समोरचं सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) कोरड्या गॉजने रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत घासायचं. घासण्याचा जोर माणसागणिक बदलतो, म्हणून एकाच हाताने सगळे करावेत. गट किमान चार: काहीच न लावलेला, नुसता पाट, पाटावर गोठवून-वितळवून मारलेल्या पेशी, आणि पाटावर जिवंत पेशी. तिसरा गट बहुतेक जण गाळतात. तो नसेल तर फायदा जिवंत पेशींचा की त्यांनी सोडलेल्या मॅट्रिक्सचा, हे सांगता येत नाही.

7, 14 आणि 28 दिवसांनी उघडायचं. गुण देणाऱ्याला गट माहीत नसावा. पोट उघडताना छेद जुन्या छेदापासून दूर, उलट्या यू आकारात घ्या, नाहीतर छेदालाच चिकटलेलं आतडं कापलं जातं.

लावलेल्या पेशी जिवंत राहिल्या का, हे पीकेएच-26 रंगावर ठरवू नका. मेलेल्या पेशींचा रंग मॅक्रोफेज गिळतात आणि तेच चमकतात. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असलेल्या त्याच जातीच्या उंदराच्या पेशी घ्या, आणि काप करून सायटोकेराटिन जोडीला बघा.

कामाला हात घालण्याआधी संस्थेच्या आयएईसीची (प्राणी प्रयोगांच्या नैतिक समितीची) परवानगी, आणि भुलेची व वेदनाशामकाची मात्रा प्रस्तावातच लिहिलेली.

शल्यक

फोंड्याच्या डॉक्टरांनी मारलेल्या पेशींच्या गटाचा मुद्दा मांडला, तो फार मोलाचा.

आता टेबलावरचं. पापुद्रा शेवटी, पोट बंद करायच्या अगदी आधी. तोपर्यंत कोरडा गॉज पोटात घालायचा नाही, ओला आणि कोमट. हातमोजे पावडरविना (अमेरिकेत पावडरचे मोजे 2017 पासून बंदच आहेत, स्टार्च ही चिकटणीची जुनी कारणीभूत). धुवायला 37 अंशांचं रिंगर लॅक्टेट. पोव्हिडोन आयोडिन पापुद्र्याच्या आसपाससुद्धा नको, पेशी जागीच मरतात. दुर्बिणीतून करत असाल तर गॅस कोमट आणि दमट असावा. सिलेंडरमधला कोरडा थंड कार्बन डायऑक्साइड शेजारचा चांगला मेसोथेलियमही वाळवतो.

रक्तस्राव पूर्ण थांबलाच पाहिजे. पापुद्र्याखाली रक्त साचलं तर तो उचलला जातो. एका पेशीच्या थराला रक्तवाहिन्यांशिवाय चालतं, प्राणवायू खालून आणि पोटातल्या द्रवातून झिरपून मिळतो. पण झिरपणं शे-दोनशे मायक्रॉनपर्यंतच. मध्ये रक्ताची गाठ आली की तो भाग संपला. जाड पाट वापरणाऱ्यांचंही याच कारणाने बिघडतं.

पेशींची बाजू आतड्याकडे, पाटाची बाजू भिंतीकडे. ऐकायला सोपं वाटतं, पण ओला पाट दोन्हीकडून सारखाच दिसतो. प्रयोगशाळेतच उजव्या वरच्या कोपऱ्याला तिरकी खाच मारून घ्या, आणि कोणती बाजू वर तेव्हा खाच उजवीकडे, हे डब्यावर चित्र काढून द्या.

पाट उघड्या जागेपेक्षा चारी बाजूंनी साधारण सेंटिमीटरभर मोठा. चार कोपऱ्यांना 5-0 किंवा 6-0 विरघळणारा टाका, ताण अजिबात नाही. मध्ये फायब्रिन ग्लूचे पातळ थेंब. टाके जास्त घातले की प्रत्येक टाक्याभोवती रक्त तुटतं आणि चिकटण तिथूनच सुरू होते.

तिसवाडी_क्यूसी

या धाग्यात गुणवत्तेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

औषधकोशातली निर्जंतुकतेची चाचणी 14 दिवसांची. पापुद्रा तेवढा थांबत नाही. म्हणून नमुना टप्प्याटप्प्याने घ्यायचा: पेशी काढल्या त्या दिवशी, प्रत्येक पासेजला, आणि बसवायच्या दोन-तीन दिवस आधी. बसवायच्या सकाळी ग्रॅम स्टेन आणि एंडोटॉक्सिन. मायकोप्लाझ्मा पीसीआरने. 14 दिवसांचा अहवाल नंतर वाईट आला तर पेशंटचं काय करायचं, कोणतं अँटिबायोटिक, कोण फोन करणार, हे आधीच कागदावर हवं.

सीरम गाईचं असेल तर ते पेशींवर चिकटून राहतं. त्याऐवजी बरेच जण मानवी प्लेटलेट लायसेट वापरतात. लक्षात ठेवा, त्यात टीजीएफ-बीटा भरपूर, आणि तेच मेसोथेलियल पेशींना मायोफायब्रोब्लास्टकडे ढकलतं. पेशंटचं स्वतःचं सीरम जास्त बरं. लायसेट वापरलंच तर हेपरिन घाला, नाहीतर मीडियम गोठतं.

पावसाळ्याबद्दल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बुरशी हा पहिला शत्रू. कल्चर रूममध्ये पुठ्ठ्याचे खोके नकोत, मीडियमच्या बाटल्या बाहेरच खोक्यातून काढून पुसून आत. एसीचं पाणी टपकणारी नळी खोलीबाहेर. इन्क्युबेटरच्या तसराळ्यात निर्जंतुक पाणी आणि थोडं कॉपर सल्फेट, दर आठवड्याला बदलायचं. वीज गेली की यूपीएसवर इन्क्युबेटर आधी, फ्रिज नंतर. मीडियम जांभळं पडलं तर कार्बन डायऑक्साइड संपला असं समजा, पीएच वर गेला. 25 मिलिमोलर हेपेस (पीएच धरून ठेवणारा बफर) घातलं तर तासाभराची सवड मिळते, त्याहून जास्त नाही. दुसरं सिलेंडर आपोआप सुरू होणारं हवं, रात्री कोणी नसतं.

कायद्याचं: कल्चरमध्ये वाढवलेल्या पेशी म्हणजे साधी कातडीची कलम नव्हे. एथिक्स कमिटी आणि सीडीएससीओची (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेची) परवानगी असलेल्या चाचणीबाहेर, पैसे घेऊन, कुणी ‘स्टेम सेलचं अस्तर’ लावून देतो म्हणाला तर पेशंटने उठून यावं.

कुशावती

सगळ्यांचे आभार. एक राहिलं. प्रयोगशाळा एकीकडे आणि थिएटर दुसरीकडे असेल, समजा वेर्ण्याहून बांबोळी, तर पापुद्रा न्यायचा कसा? बर्फाचा डबा?

रायबंदर

बर्फ नकोच. तापमानाच्या प्लेटवर असेल तर 32 च्या खाली गेल्याबरोबर सुटेल, म्हणून 36-37 अंशांचा, बॅटरीवर चालणारा डबा. प्लेटचं झाकण गॅस जाणार नाही असं बंद, मीडियममध्ये हेपेस, आणि प्लेट काठोकाठ भरलेली. हवेचा बुडबुडा राहिला तर जुवारीचा पूल येईपर्यंत तो हिंदकळून पापुद्र्याचा मधला भाग खरवडतो.

पाटावर असेल तर सोपं. तो सुटणार नाही, खोलीच्या तापमानाला, 20-25 अंशांवर, काही तास चालतो. पण ते एसी गाडीतलं तापमान. एप्रिल-मेमध्ये उभ्या गाडीत दहा मिनिटांत चाळिशी ओलांडते. डब्यात तापमान नोंदणारा लॉगर ठेवा आणि थिएटरमध्ये पोचल्यावर आधी लॉगर वाचा. 39 च्या वर गेलेला दिसला तर जिवंत पेशींची चाचणी जादा प्लेटवर करा. ती जादा प्लेट त्याच डब्यातून आलेली हवी, इन्क्युबेटरमध्ये मागे ठेवलेली नव्हे.

शल्यक

+१. आणि लॉगर वाचून होईपर्यंत पेशंटला भूल देऊ नका. ओमेंटम दिलेला पेशंट दुसऱ्यांदा टेबलावर आलेला असतो. पापुद्रा बाद ठरला तर फिल्म लावून बंद करायचं की तारीख पुढे ढकलायची, हे त्याच्याशी आदल्या दिवशी बोललेलं असावं.